मुंबई हायची गंगाजळी

२०२० सालच्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, कामरगावच्या शिवारात पेरणीसाठी ट्रॅक्टर निघाले तेव्हा डिझेल रोज महाग होत होते. ८२ दिवस गोठवून ठेवलेले दर तेल कंपन्यांनी ७ जूनपासून पुन्हा रोज बदलायला घेतले आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे ते चढतच गेले. सोयाबीन आणि तुरीचे बियाणे, खत, वखरणी आणि पेरणीचे भाडे, या सगळ्यात डिझेलची भर पडली. त्याआधी दीडच महिन्यापूर्वी, २० एप्रिलला, अमेरिकेतल्या वायदेबाजारात खनिज तेलाचा भाव शून्याच्या खाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. विकणारा घेणाऱ्याला वरून पैसे देत होता, कारण तेल ठेवायला टाक्या उरल्या नव्हत्या. त्या एप्रिलमध्ये ब्रेंट जातीचे तेलही वीस डॉलरच्या खाली जाऊन आले.

जगात तेल मातीमोल आणि कारंजा तालुक्यातल्या पंपावर महाग, याचे एक कारण सगळ्यांना माहीत आहे: कर. केंद्राने १४ मार्च २०२० रोजी पेट्रोल आणि डिझेलवरचे शुल्क लिटरमागे तीन रुपयांनी वाढवले. मे महिन्यात पेट्रोलवर आणखी दहा आणि डिझेलवर तेरा रुपये चढवले. पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क ३२.९८ रुपये झाले आणि डिझेलवरचे ३१.८३. राज्यानेही १ जूनपासून दोन रुपयांचा अधिभार लावला. पण या कथेचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो. भाव पडतो तेव्हा तेल काढणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या आपली रोकड, आपले कर्ज आणि आपले शेअर यांचे काय करतात? आपल्याकडच्या या कंपन्यांची मुळे मुंबईत आहेत. तेल काढणाऱ्या सरकारी ओएनजीसीचे सर्वांत मोठे क्षेत्र, मुंबई हाय, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात आहे. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांची मुख्यालये मुंबईत आहेत आणि त्यांचे जुने तेलशुद्धीकरण कारखाने माहुलला. म्हणून ही गोष्ट महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाचा भाग मानून सांगायला हवी.

भाव पडणे म्हणजे काय, हे कामरगावच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. सोयाबीन घरात आले आणि भाव पडले की ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो पोत्यांची थप्पी लावून वाट पाहतो. ज्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे, दुकानदाराची उधारी आहे, तो त्याच आठवड्यात कारंजाच्या बाजार समितीत माल नेतो. माल सारखा, भाव सारखा, पण दोघांचे पुढचे वर्ष निराळे जाते. फरक असतो तो भाव पडण्यापूर्वी हातात काय शिल्लक होते याचा. तेल कंपनीचेही तसेच आहे. म्हणून पडत्या भावाचा इतिहास लिहायचा तर चढत्या भावाच्या वर्षांपासून सुरुवात करावी लागते.

‘सागर सम्राट’ हे जपानमध्ये बांधलेले जहाज मुंबईच्या समुद्रात उतरले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याने मुंबई हायच्या तळाखाली तेल शोधून काढले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. तेल आणि वायू नळांतून उरणला येऊ लागले आणि रायगडच्या त्या किनाऱ्याचे रूप पालटले. त्याच दशकात परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले: १९७४ मध्ये एस्सो, १९७६ मध्ये बर्मा शेल, पुढे कॅलटेक्स. एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, बर्मा शेलची भारत पेट्रोलियम. तेव्हा ओएनजीसी हा सरकारचा आयोग होता. त्याला शेअर नव्हते, शेअरबाजाराची चिंता नव्हती आणि बॅरलमागे काय मिळायचे ते दिल्लीत ठरत होते.

त्यामुळे १९८६ साली जगात तेलाचा भाव काही महिन्यांत निम्म्याहून खाली कोसळला, अमेरिकेत टेक्सासच्या बँका बुडायला लागल्या, तेव्हा मुंबई हायवर त्याचा फारसा ओरखडा उठला नाही. दर सरकारने बांधून दिलेला होता. ऐंशीच्या दशकातच मुंबई हायने दिवसाला चार लाख बॅरलचा टप्पा ओलांडला. देशाच्या तेलाच्या गरजेचा एवढा मोठा वाटा एकाच क्षेत्रातून येण्याची ती वर्षे पुन्हा आली नाहीत.

१९९३-९४ मध्ये आयोगाची कंपनी झाली. कंपनी झाली म्हणजे भागभांडवल आले, लाभांश आला आणि मालकाला पैशाची गरज पडली तर कंपनीच्या तिजोरीत हात घालण्याची नवी वाटही आली. ती वाट पहिल्यांदा ठळक दिसली १९९८-९९ मध्ये. आशियाई आर्थिक संकटाने मागणी आटली होती आणि त्या डिसेंबरात तेल दहा डॉलरच्या आसपास आले होते. निर्गुंतवणुकीतून पैसे उभे करण्याचे सरकारचे उद्दिष्ट होते, पण अशा बाजारात तेल कंपन्यांचे शेअर घेणार कोण? मार्ग असा काढला की तेल कंपन्यांनीच एकमेकींचे शेअर घ्यायचे. ओएनजीसीने इंडियन ऑइलचे आणि गेल या वायू कंपनीचे घेतले, इंडियन ऑइलने आणि गेलने ओएनजीसीचे. पैसा कंपन्यांच्या तिजोरीतून निघून सरकारी खजिन्यात गेला आणि कंपन्यांच्या हाती एकमेकींचे कागद राहिले. त्या पैशातून एकही विहीर खोदली गेली नाही. ही पद्धत पुढे किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा फार जणांच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

२००२ मध्ये दर बांधून देण्याची व्यवस्था अधिकृतपणे संपली. त्या वेळी पेट्रोलियम खाते मुंबईच्या राम नाईकांकडे होते. हिंदुस्थान पेट्रोलियम खासगी हातात द्यायचा विचार त्याच काळात जोरात होता. तो सर्वोच्च न्यायालयात अडला. सप्टेंबर २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की संसदेच्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झालेली कंपनी विकायची तर आधी संसदेत जावे लागेल. विक्री थांबली. हिंदुस्थान पेट्रोलियमचे काय करायचे हा प्रश्न चौदा वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आला, तो कसा ते पुढे येईलच.

आधी चढती वर्षे. २००४ पासून तेल चढत गेले, २००८ मध्ये १४७ डॉलरला शिवले, कोसळले आणि पुन्हा शंभराच्या वर जाऊन बसले. कागदावर दरमुक्ती झाली होती, पण डिझेल, रॉकेल आणि गॅस सिलिंडर खर्चापेक्षा कमी भावाने विकले जात होते. २०१३-१४ या एका वर्षात ही तूट १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या वर होती. ती तिघांत वाटली जायची: काही सरकार देणार, थोडे विक्री कंपन्या सोसणार आणि उरलेले ओएनजीसीसारख्या उत्पादक कंपन्या आपल्या तेलाचा भाव कमी करून भरून काढणार. ओएनजीसीने त्या वर्षी ५६,३८४ कोटी रुपये सोडले. तेल शंभर डॉलरच्या वर असताना तिच्या हाती बॅरलमागे जेमतेम एक्केचाळीस डॉलर पडले. सरकारी भरपाई उशिरा यायची, त्यामुळे विक्री कंपन्या अल्पमुदतीची कर्जे काढून दिवस ढकलायच्या. हिंदुस्थान पेट्रोलियम तिन्ही सरकारी विक्री कंपन्यांमध्ये लहान, म्हणून तिची ओढाताण सर्वांत मोठी.

या पार्श्वभूमीवर २०१४ ची घसरण पाहिली तर तिचे आपल्याकडचे रूप जगापेक्षा किती वेगळे होते ते कळते. जून २०१४ मध्ये ब्रेंट ११५ डॉलर होते. अमेरिकेतले शेल खडकातले तेल बाजारात ओतले जात होते. २७ नोव्हेंबरला ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने उत्पादन कमी करायला नकार दिला आणि जानेवारी २०१६ पर्यंत भाव तिशीच्या खाली गेला. जगातल्या तेल कंपन्या हादरल्या. कोनोकोफिलिप्सने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिमाही लाभांश ७४ सेंटवरून २५ सेंटवर आणला. शेल कंपनीने भर मंदीत ब्रिटनची बीजी ही कंपनी विकत घेतली आणि रोकड वाचवण्यासाठी भागधारकांना लाभांशाऐवजी नवे शेअर घेण्याचा पर्याय चालू ठेवला. शेअरची फेरखरेदी बहुतेक सगळ्यांनी थांबवली. हा क्रम जगात साधारण ठरलेला आहे: पहिल्यांदा फेरखरेदी बंद, मग नव्या प्रकल्पांना कात्री, मग कर्ज, आणि लाभांशाला हात अगदी शेवटी. लाभांश कापला की बाजार कंपनीवरचा विश्वास काढून घेतो, म्हणून कर्ज काढून लाभांश वाटण्यापर्यंत मोठमोठ्या कंपन्यांची मजल जाते.

ओएनजीसीचे उलटे झाले. भाव पडला तशी तूट आटली. १८ ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचे दर मोकळे झाले आणि काही महिन्यांत ओएनजीसीच्या डोक्यावरचा अनुदानाचा भार उतरला. शंभराच्या वर असताना जे एक्केचाळीस डॉलर मिळत होते, तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच, पन्नाशीच्या तेलातून मिळू लागले. पडत्या भावाने कंपनीला श्वास घ्यायला जागा दिली, असे म्हणणे चुकीचे नाही. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांना तर तो वरदानच ठरला. भरपाईची वाट पाहत काढलेली कर्जे झपाट्याने खाली आली.

तरी ओएनजीसीला दोन बाजूंनी टोचणी होतीच. कच्च्या तेलावरचा उपकर टनामागे ४,५०० रुपये असा ठोक होता. शंभर डॉलरला तो सोसता येत होता. तीस डॉलरच्या तेलावर तो बॅरलमागे नऊ डॉलरच्या आसपास पडू लागला, आणि २०१६ च्या अर्थसंकल्पात तो किमतीच्या २० टक्के केला तेव्हाच हा फास थोडा सैल झाला. दुसरी टोचणी वायूची. नोव्हेंबर २०१४ पासून देशातल्या वायूचा भाव परदेशी बाजारांच्या सरासरीला बांधला गेला. ५.०५ डॉलरवरून तो एप्रिल २०१७ पर्यंत २.४८ वर आला. मुंबई हाय आणि वसईच्या वायूवर जगणाऱ्या कंपनीला हा घाव तेलाच्या घावापेक्षा खोल होता.

पडलेल्या भावाचा सर्वांत मोठा लाभ मात्र तिसऱ्याच ठिकाणी गेला. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने इंधनावरचे शुल्क नऊ वेळा वाढवले: पेट्रोलवर लिटरमागे ११.७७ रुपये, डिझेलवर १३.४७. तेल पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी मिळाले होते. दोन वर्षांत ते २ लाख ४२ हजार कोटींवर गेले. कामरगावच्या ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात जगातली स्वस्ताई का पोहोचली नाही, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या वर्षांत ओएनजीसीच्या कारभाऱ्यांनी जे केले त्याला दाद द्यावीशी वाटते. मंदीत समुद्रातले रिग, जहाजे आणि यंत्रसामग्री यांचे भाडे उतरते. हात ढिला असलेली कंपनी तेव्हाच पुढचे काम काढते. मार्च २०१६ मध्ये, भाव तळाशी असताना, संचालक मंडळाने कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातल्या प्रकल्पाला पाच अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची मंजुरी दिली. त्याच वर्षी तिची परदेशी कामे पाहणाऱ्या ओएनजीसी विदेशने रशियातल्या वँकोर क्षेत्राचा एकूण २६ टक्के हिस्सा दोन हप्त्यांत घेतला. महागाईत विकायचे आणि मंदीत घ्यायचे, हा धडा तिने याआधी उलटा गिरवला होता: मोझांबिकच्या वायूक्षेत्रातला हिस्सा तिने २०१३-१४ मध्ये, भाव शिगेला असताना घेतला. तेव्हाच्या विक्रेत्यांपैकी एक छत्रपती संभाजीनगरच्या धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन होती. तिने आपला दहा टक्के हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांना सुमारे अडीच अब्ज डॉलरना विकला. वेळ अचूक होती, वर्षभरात भाव कोसळायला लागले. पण बाकीच्या धंद्यांतले कर्ज एवढे होते की ही विक्रीही पुरली नाही आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मराठवाड्यातल्या हजारो कामगारांच्या घरात त्या कंपनीचा पगार येत असे. शिखरावर विकूनही कर्ज माणसाला कसे गाठते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

ओएनजीसीवर स्वतःचे कर्ज नव्हते. मार्च २०१७ अखेर तिच्या हाती साडेनऊ हजार कोटींच्या आसपास रोकड होती. पुढच्या मंदीसाठी ही गंगाजळी होती. ती दोन वर्षांत कशी संपली, हा या इतिहासाचा गाभा आहे.

२७ मे २०१६ रोजी केंद्र सरकारच्या निर्गुंतवणूक विभागाने सार्वजनिक कंपन्यांच्या भांडवलाबाबत नवे नियम काढले. दरवर्षी नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा लाभांश द्यायचा. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता दोन हजार कोटींवर आणि रोकड एक हजार कोटींवर आहे तिने शेअरची फेरखरेदी करायची. फेरखरेदी म्हणजे कंपनी स्वतःच्या पैशाने स्वतःचेच शेअर परत घेते. शेअर कमी होतात, उरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला नफा थोडा जास्त येतो. खासगी कंपनीत हा निर्णय ‘आपल्याकडे याहून चांगला उपयोग नाही’ असे संचालकांना वाटते तेव्हा होतो. इथे नियमच असा झाला की रोकड साठली म्हणजे ती जास्तीची समजायची. तेलासारख्या धंद्यात, जिथे दहा वर्षांत एकदा आभाळ फाटते, साठलेली रोकड जास्तीची कशी ठरवायची? सरकार मालक आहे आणि त्याचा पैसा शेवटी रस्ते, शाळा आणि रेशनसाठीच लागतो, हे मला मान्य आहे. पण मालकाने दर वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या तारखेने तेलाच्या धंद्याकडे पाहिले की विहिरींचे वेळापत्रक मागे पडते.

१ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी जगातल्या दिग्गजांशी टक्कर देणारी एक एकत्रित सार्वजनिक तेल कंपनी उभारायचे सांगितले. जुलैमध्ये मंत्रिमंडळाने हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीला विकायचे ठरवले. ज्या कायद्यांमुळे २००३ ची विक्री अडली होती ते २०१६ मध्येच रद्द झाले होते. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या सौद्याआधी एक छोटे बिलही ओएनजीसीने भरले: गुजरात सरकारच्या तेल कंपनीचा कृष्णा-गोदावरीतल्या दीनदयाळ क्षेत्रातला ८० टक्के हिस्सा सुमारे ७,७०० कोटी रुपयांना. मग २० जानेवारी २०१८ रोजी मोठा सौदा जाहीर झाला. शेअरमागे ४७३.९७ रुपये, बाजारभावापेक्षा सुमारे चौदा टक्के जास्त, एकूण ३६,९१५ कोटी रुपये. महिनाअखेरीस पैसे पोहोचले. त्या वर्षीचे निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट ७२,५०० कोटींचे होते. सौद्यासह एक लाख कोटींचा टप्पा ओलांडला गेला.

पैसे कुठून आले? बारा हजार कोटींच्या आसपास ओएनजीसीच्या गाठीचे आणि सुमारे पंचवीस हजार कोटी बँकांकडून कर्ज. गेली कित्येक वर्षे स्वतःच्या नावावर कर्ज नसलेली कंपनी एका हिवाळ्यात कर्जदार झाली. मार्च २०१८ अखेर तिच्या हातातली रोकड हजार कोटींवर आली होती. आणि या ३६,९१५ कोटींपैकी एक रुपयाही हिंदुस्थान पेट्रोलियमला मिळाला नाही. माहुलचा कारखाना वाढला नाही, विहीर खोदली गेली नाही, जहाज आले नाही. सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात हिस्सा गेला आणि मधल्या प्रवासात कर्ज तयार झाले. १९९९ च्या कागदांच्या अदलाबदलीचीच ही मोठी आवृत्ती होती.

तेलाचा भाव तेव्हा चढता होता, म्हणून कोणाला घाई वाटली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रेंट ८६ डॉलरवर पोहोचले. मग दोन-अडीच महिन्यांत ते पन्नाशीपर्यंत घसरले. आणि नेमक्या त्याच डिसेंबरात ओएनजीसीच्या संचालक मंडळाने फेरखरेदी मंजूर केली: २५.२९ कोटी शेअर, प्रत्येकी १५९ रुपयांना, एकूण ४,०२२ कोटी रुपये. इंडियन ऑइलने ४,४३५ कोटींची, ऑइल इंडियाने १,०८५ कोटींची मंजूर केली. तिन्ही ठिकाणी सर्वांत मोठा भागधारक सरकार, म्हणून बहुतेक पैसे तिकडेच गेले. कर्ज डोक्यावर, रोकड तळाला, भाव घसरणीला आणि तरीही फेरखरेदी. जगातल्या कंपन्या मंदीत पहिल्यांदा जी गोष्ट बंद करतात ती इथे मंदीतच केली गेली.

मग २०२० आले. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत ओएनजीसीला ३,०९८ कोटी रुपयांचा तोटा झाला. तिमाही तोटा दाखवण्याची तिची ही पहिलीच वेळ. पडलेल्या भावाने क्षेत्रांची किंमतच खाली आणावी लागली होती, त्यासाठी जवळजवळ ४,९०० कोटी हिशेबातून उतरवले गेले. पुढच्या तिमाहीत बॅरलमागे २९ डॉलरहून कमी मिळाले आणि नफा ४९६ कोटींवर आला. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत तो ५,९०४ कोटी होता. वायूचा भाव त्या ऑक्टोबरात १.७९ डॉलर झाला. या भावाला वायू काढणे म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे घाटा. २०१८-१९ मध्ये शेअरमागे ७ रुपये लाभांश देणारी ओएनजीसी दोन वर्षांत ३.६० रुपयांवर आली. समुद्रातल्या फलाटांवर चौदा-चौदा दिवसांच्या पाळ्या करणारे अभियंते आणि कंत्राटी कामगार करोनाच्या भीतीत, विलगीकरणाचे दिवस वाढवून, काम चालू ठेवत होते. विहीर नळासारखी वाटेल तेव्हा बंद-चालू करता येत नाही. जुन्या क्षेत्रातली विहीर बंद ठेवली की दाब बिघडतो, पाणी शिरते आणि परत सुरू करताना पूर्वीइतके तेल येईलच याची खात्री नसते. म्हणून भाव काहीही असो, मुंबई हाय चालूच ठेवावे लागले.

त्याच महिन्यांत बाकीचे जग काय करत होते? शेलने ३० एप्रिलला आपला लाभांश ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने लाभांश कापलेला नव्हता. ब्रिटिश पेट्रोलियमने ऑगस्टमध्ये तो निम्मा केला. एक्झॉनने ८७ सेंटचा लाभांश टिकवला, पण त्यासाठी कर्ज काढले. शेलचा निर्णय तेव्हा नामुष्कीचा मानला गेला. मला तो प्रामाणिक वाटतो. भागधारकांना कमी देऊन तिने विहिरी आणि ताळेबंद यांना वाचवले, आणि तो निर्णय तिचा स्वतःचा होता.

हिंदुस्थान पेट्रोलियमची २०२० मधली कहाणी स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीला पडता भाव दोन टप्प्यांत भेटतो. फेब्रुवारीत पन्नास-पंचावन्न डॉलरला घेतलेले तेल बोटीवर असते, टाकीत असते, नळात असते. ते मार्चअखेर शुद्ध होऊन बाहेर पडेपर्यंत बाजार वीसवर आलेला असतो. हा साठ्यातला तोटा. जानेवारी-मार्च २०२० मध्ये तिचा नफा त्यामुळे जेमतेम २७ कोटी उरला. पण भाव तळाला टेकून वर निघाला की तोच साठा नफा देतो. एप्रिल ते जून २,८१४ कोटी, जुलै ते सप्टेंबर २,४७७ कोटी, आणि वर्षाअखेर १०,६६४ कोटी, तोवरचा सर्वाधिक नफा. एक कंपनी तेल काढते आणि दुसरी विकते, म्हणून एकाच मंदीत मुंबईशी जोडलेल्या दोन कंपन्या दोन टोकांना गेल्या. मालक मात्र आता पहिली होती आणि तिच्यावर दुसरीला विकत घेतल्याचे कर्ज होते.

४ नोव्हेंबर २०२० रोजी हिंदुस्थान पेट्रोलियमने फेरखरेदी जाहीर केली: २,५०० कोटींपर्यंत, शेअरमागे जास्तीत जास्त २५० रुपये, थेट बाजारातून. बाजारभाव तेव्हा दोनशेच्या खाली होता, ओएनजीसीने मोजलेल्या ४७३.९७ च्या निम्म्याहून कमी. थेट बाजारातल्या फेरखरेदीत प्रवर्तकाला आपले शेअर विकता येत नाहीत, म्हणून ओएनजीसी बाहेर राहिली आणि एक पैसा न घालता तिचा हिस्सा ५१.११ वरून ५४.९० टक्क्यांवर गेला. स्वस्त असताना स्वतःच्या नफ्यातून स्वतःचा शेअर घेणे, हीच फेरखरेदीची शहाणी वेळ. २०१८ च्या आणि २०२० च्या फेरखरेदींना एकच नाव आहे, पण दुसरीत निर्णयाचे कारण कंपनीच्या हिशेबात सापडते आणि पहिलीचे सरकारच्या.

भारत पेट्रोलियमबद्दल थोडक्यात. तिचा सरकारी हिस्सा खासगी हातात द्यायचे २०१९ मध्ये ठरले, २०२२ मध्ये ते रद्द झाले. मधल्या काळात आसामच्या नुमालीगढ कारखान्यातला हिस्सा ९,८७६ कोटींना विकून आलेल्या पैशाचा मोठा भाग तिने २०२०-२१ च्या ५८ रुपयांच्या अंतिम लाभांशात वाटून टाकला.

भाव परत फिरायला वेळ लागला नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने तेल शंभराच्या वर गेले. एप्रिल २०२२ पासून पंपावरचे दर गोठले आणि हिंदुस्थान पेट्रोलियमला एप्रिल-जूनच्या एकाच तिमाहीत १०,१९६ कोटींचा तोटा झाला. ओएनजीसीला मात्र आता भरपूर मिळायला हवे होते, तोच १ जुलैपासून देशातल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा अतिरिक्त नफ्यावरचा कर बसला. पुढे तो कमी-जास्त होत डिसेंबर २०२४ मध्ये संपला. पडत्या भावात शुल्क वाढते, चढत्या भावात नफ्यावर कर येतो. मधल्या अरुंद पट्टीत कंपनीने आपली गंगाजळी पुन्हा भरायची असते.

मुंबई हायला त्या पैशाची गरज आहे. ऐंशीच्या दशकात चार लाखांच्या वर गेलेले उत्पादन आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या जुन्या क्षेत्रासाठी तांत्रिक भागीदार म्हणून ब्रिटिश पेट्रोलियमची, म्हणजे २०२० मध्ये लाभांश निम्मा करणाऱ्या त्याच कंपनीची, निवड केली. दहा वर्षांत तेल ४४ टक्क्यांनी आणि वायू ८९ टक्क्यांनी वाढवता येईल, असा तिचा अंदाज आहे. पहिली दोन वर्षे तिला ठरावीक शुल्क मिळेल. त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला वाटा.